केसांना सवय होत आहे

रविवारी सकाळी दहा वाजता आवकबाईंनी नवऱ्याचं हेल्मेट डोक्यात घातलं, रबरी हातमोजे कोपरापर्यंत ओढले आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावली.

"अगं, निदान चहाचं भांडं तरी दे बाहेर," नवरा दारापलीकडून म्हणाला.

"आता काही मिळणार नाही. कॉस्टिक सोडा उघडलाय."

"चहात पडला नाही म्हणजे मिळवली."

"थट्टा नाही ही. कातडी जळते याने. आणि लक्षात ठेवा, पाण्यात सोडा घालायचा, सोड्यात पाणी नाही. उलट केलं की उसळतं."

"मी कशाला उलट करू? मी तर बाहेर उभाय."

आवकबाईंनी हेल्मेटची काच खाली ओढली आणि वजनकाट्यावर नारळाचं तेल, एरंडेल, ऑलिव्हचं तेल आणि वासापुरतं रोजमेरीचं तेल मोजायला घेतलं. दूर राहणाऱ्या मुलीने त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. एक हसतमुख बाई त्यात घरच्या घरी शाम्पूच्या वड्या पाडायची. मुलीने तो सहज पाठवला होता, दिवसाला पाच-सहा पाठवायची त्यातलाच एक. पण आवकबाईंनी तो अकरा वेळा पाहिला आणि बाराव्या वेळी वही घेऊन बसल्या.

आवकबाई पाणीपुरवठा कार्यालयात अठ्ठावीस वर्षं आवक-जावक टेबलावर होत्या. आलेलं पत्र घ्यायचं, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, ज्याचं त्याच्या टेबलावर पोचवायचं. उत्तर निघालं की पुन्हा नंबर टाकून बाहेर धाडायचं. मधे काय लिहिलंय ते वाचायची गरज नव्हती, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर इच्छाही उरली नव्हती. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं होतं. बाकी सगळे त्यांना आवकबाईच म्हणत, साहेबसुद्धा.

दुपारी दीड वाजता कडी निघाली. ओट्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यांत घट्ट, पिवळसर लगदा ओतून ठेवलेला होता. हँड मिक्सर कायमचा कामातून गेला होता आणि आवकबाईंच्या कपाळावर हेल्मेटचा वळ उठला होता.

"आता हे सहा आठवडे वाळवायचं," त्या म्हणाल्या.

"सहा आठवडे? कुठे?"

"तुमच्या शर्टांच्या कपाटात हवा चांगली लागते."

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढचे सहा आठवडे त्याच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं घड्याळ कानाला लावण्याऐवजी त्याचा खांदा हुंगून बघत. "रोजमेरी," तो सांगायचा, आणि पुन्हा भिंगात डोळा घालायचा.

सहा आठवड्यांनी आवकबाईंनी पहिल्या वडीने स्वतःचे केस धुतले. फेस झाला. चांगला मऊ, दाट फेस. केस वाळल्यावर त्या खिडकीशी आरसा घेऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. केस हलके होते, मोकळे होते, बोटांतून सरसर सुटत होते. नवऱ्याला दाखवायची सोय नव्हती असं नाही, पण त्याच्या डोक्यावर पंधरा वर्षं केस नसल्यामुळे तो या विषयावर फारसं बोलत नसे. "छान," तो म्हणाला. तेवढं पुरलं नाही. अठ्ठावीस वर्षं हातून जे गेलं ते सगळं दुसऱ्याने लिहिलेलं होतं. ही वडी त्यांनी स्वतः केलेली होती, आणि ती कुणालातरी दाखवायलाच हवी होती.

कार्यालयात आवकबाई सोडून चौदा माणसं होती. त्यांनी चौदा वड्या कागदात गुंडाळल्या आणि प्रत्येकीबरोबर एक सूचनापत्र जोडलं. व्हिडिओतली बाई जे हसत हसत सांगायची, ते आवकबाईंच्या हातून असं उतरलं:

"१. पहिले पंधरा ते वीस दिवस केस चिकट, राठ व निस्तेज वाटतील. घाबरू नये. केसांना सवय होत आहे. २. या काळात दुसरा कोणताही शाम्पू वापरू नये. ३. वडी थेट केसांवर चोळावी. ४. धीर धरावा."

तेरा वड्या वाटताना त्यांना मजा आली. चौदावी त्रुटीबाईंची होती.

त्रुटीबाई कार्यालयाच्या अधीक्षक. त्यांच्या टेबलावरून कुठलाही कागद पहिल्या फेरीत पुढे जात नसे. समासात लाल शाईने "त्रुटी" असं लिहून तो परत येई. नऊ वर्षांपूर्वी आवकबाईंची आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा त्यांच्या रजेचा अर्ज तारीख चुकीच्या रकान्यात लिहिली म्हणून परत आला होता. त्यात दोन दिवस गेले. आवकबाई पोचल्या तेव्हा आई बोलायची थांबली होती. त्या दिवसापासून त्यांनी त्रुटीबाईंशी कामाबाहेर एक शब्द काढला नव्हता. पण चौदातल्या तेराच वाटल्या तर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं.

"हे काय?" त्रुटीबाईंनी विचारलं.

"शाम्पूची वडी. मी घरी केलीय. सगळ्यांना दिलीय."

त्रुटीबाईंनी चष्मा चढवला आणि सूचनापत्र वाचलं. दोनदा वाचलं. "'घाबरू नये.' कुणी? वाक्यात कर्ता नाही."

"ज्याचे केस असतील त्याने," आवकबाई म्हणाल्या, आणि वळल्या.

पुढच्या सोमवारी कार्यालयात कौतुकाचा पूर आला. सुरुवात टायपिस्टने केली. "बाई, काय जादू आहे हो! केस नुसते रेशीम झालेत. आमच्या घरी सगळे विचारतात, कुठल्या पार्लरला जातेस?"

"पण पहिले काही दिवस चिकट होतात ना?"

"छे! पहिल्याच धुण्यात बघा ना!" टायपिस्टने मान झटकली.

रोखपालाचे केस मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली असती. तो म्हणाला, "गळायचे थांबले, बाई. रोज उशीवर दिसायचे, आता एक नाही." साहेबांनी तर त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. "आमच्या मिसेस म्हणाल्या, घरात यापुढे दुसरा शाम्पू आणायचा नाही. तुम्ही इथे काय करताय, आवकबाई? कारखाना काढायला हवा तुम्ही!"

अठ्ठावीस वर्षांत साहेबांनी, म्हणजे एकूण सात साहेबांनी, आवकबाईंना केबिनमध्ये एकदाच बोलावलं होतं, तेही पंखा बंद करायला.

कौतुकाचं असं असतं की एकाने केलं की दुसऱ्याला त्याहून थोडं जास्त करावं लागतं. टायपिस्टचे केस रेशीम झाले म्हटल्यावर नकाशे काढणाऱ्या बाईच्या केसांना चमक आली. तिला चमक आली म्हणून शिपायाच्या आईचा कोंडा गेला. पंधरवड्यात "वडी संपत आली हो, अजून आहेत का?" इथवर गाडी आली. आवकबाईंनी पहिल्याच वेळी पन्नास पाडल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला आणखी दोन दोन दिल्या आणि रविवारी पुन्हा हेल्मेट घातलं.

एकट्या त्रुटीबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वाटपाच्या वेळी त्यांनी दोन्ही वड्या मुकाट्याने घेतल्या आणि खणात ठेवल्या. हल्ली त्या डोक्याला रुमाल बांधून येत. सर्दी आहे म्हणत. त्यांच्या शाईचा लाल रंग मात्र त्या महिन्यात जरा जास्तच गडद झाला होता.

"जळते ती," आवकबाई घरी म्हणाल्या. "तेरा माणसं तोंड भरून बोलतात, हिच्या तोंडून साधं 'बरंय' निघत नाही."

"निघेल," नवरा म्हणाला.

"मी नोकरी सोडतेय."

नवऱ्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "एकदा विचार कर. फुकटची वडी चांगली म्हणायला कुणाचं काय जातं?"

"म्हणजे ते सगळे खोटं बोलतात?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता?"

कसं ते सांगायला आवकबाईंनी नवऱ्याला फार वेळ दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, स्वतःच आवक केला, नंबर टाकला आणि नियमाप्रमाणे अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला.

तीन दिवसांनी तो परत आला. "त्रुटी : निवृत्तीचे कारण नमूद नाही."

आवकबाईंनी लिहिलं, "स्वतःचा व्यवसाय."

"त्रुटी : व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट करावे."

"नैसर्गिक शाम्पूच्या वड्या."

"त्रुटी : उत्पादनाची चाचणी झाली आहे काय? असल्यास कोणी केली?"

हे वाचल्यावर आवकबाईंचे कान तापले. निवृत्तीच्या अर्जात शाम्पूच्या चाचणीचा काय संबंध? पण त्यांनी दातओठ खात लिहिलं, "या कार्यालयातील चौदा कर्मचाऱ्यांनी."

अर्ज आठवडाभर तिथेच पडून राहिला. मग चौथ्यांदा परत आला. "त्रुटी : चौदा ही संख्या तपासून पाहावी."

आवकबाई कागद घेऊन उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या केबिनच्या दारावर टकटक न करता आत गेल्या.

"साहेब, हे बघा. एका अर्जाला चार त्रुटी. शेवटची तर निव्वळ खुसपट काढणं आहे. मोजता येत नाही का मला? मी, चौदा..."

साहेबांनी अर्ज हातात घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. एवढ्या वेगाने सही झालेला कागद आवकबाईंनी पूर्वी पाहिला नव्हता. "नोटिशीचे तीन महिनेही माफ," साहेब म्हणाले. "महिनाअखेर मोकळ्या. तुमच्यासारख्यांना अडवून कसं चालेल?"

आवकबाईंचे डोळे भरून आले. साहेबही भावुक झाले होते, कारण एक पद कमी करण्याचं पत्र वरून येऊन तीन महिने झाले होते आणि कुणाचं कमी करावं हे त्यांना सुचत नव्हतं. ते पत्र आवकबाईंनीच शिक्का मारून, नंबर टाकून, न वाचता आत पाठवलं होतं.

महिनाअखेरीच्या दुपारी निरोपसमारंभ झाला. भाषणांत आवक-जावकचा उल्लेख एकदा आला, केसांचा अकरा वेळा. रोखपालाने टाळूवर हात फिरवून दाखवला आणि सगळे हसले. टायपिस्ट रडली, आणि ती खरंच रडली, कारण आवकचं टेबल उद्यापासून तिच्या अंगावर पडणार होतं. एक फुलांचा गुच्छ आणि चाकांची बॅग मिळाली. साडेचारला सगळे आपापल्या बसच्या वेळा बघत पांगले.

त्रुटीबाई मागे थांबल्या. "ना-देय दाखला व्हायचाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताब्यातलं सामान मोजून घ्यावं लागेल."

"मोजा. तेवढंच राहिलं होतं."

शिक्के सात, शाईचे पॅड दोन, पंचिंग मशीन एक, पितळी कुलूप एक. त्रुटीबाई यादीवर खुणा करत होत्या, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. "अभिलेख खोलीतल्या कपाटाची किल्ली?"

"त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते खरी. पण उघडंच असतं ते. 'नष्ट करावयाचे' कागद असतात, कोण नेतंय?"

"तरी उघडून बघावं लागेल. कपाटाच्या आत काय आहे याची नोंद हवी."

दोघी मागच्या खोलीत गेल्या. आवकबाईंनी कपाटाचं दार ओढलं, आणि रोजमेरीचा वास असा अंगावर आला की त्यांना क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. नष्ट करावयाच्या फायलींच्या वर, मागे, आडव्या-उभ्या वड्या रचलेल्या होत्या. बऱ्याचशा कागदात गुंडाळलेल्या तशाच. सूचनापत्रं जागच्या जागी.

आवकबाईंनी सवयीने मोजल्या. छत्तीस.

"या सगळ्यांनी..." त्या म्हणाल्या. मग एका वडीवर बोट ठेवून, "इथे का पण? कचऱ्याचा डबा नव्हता?"

"कार्यालयात कचऱ्याचा डबा एकच आहे," त्रुटीबाई म्हणाल्या. "तुमच्या टेबलाशेजारी."

ते खरं होतं. आवकबाई फायलींच्या ढिगावरच बसल्या. मघाशी कुणीतरी हातात दिलेला गुच्छ अजून हातातच होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"तेरा गुणिले तीन एकोणचाळीस," त्या म्हणाल्या. "तीन कमी आहेत."

"एक रोखपालाच्या टेबलाच्या पायाखाली आहे, टेबल डुगडुगायचं. एक बेसिनवर, हात धुवायला. तिसरी माहीत नाही."

"आणि तुमच्या तीन?" आवकबाईंचा आवाज चढला. आता भांडायला समोर हे एकच माणूस होतं. "तुमच्या कुठे फेकल्यात? तुमच्याकडे डबा आहे घरी!"

त्रुटीबाईंनी यादी कपाटावर ठेवली आणि डोक्याचा रुमाल सोडला.

आवकबाईंच्या हातून गुच्छ खाली पडला. त्रुटीबाईंचे केस खांद्याखाली येणारे होते, एवढंच त्यांना आठवत होतं. आता तिथे जे होतं त्याला केस म्हणणं धाडसाचं होतं. पुढचे चपटे, मेणचट, कपाळाला चिकटलेले. मागचे सगळे मिळून एकच जट झालेली, जुन्या गादीतून निघालेल्या कापसासारखी, आणि तिच्यात अर्धा तुटलेला कंगवा.

"तो निघत नाही," त्रुटीबाई म्हणाल्या. "कंगवा."

"तुम्ही वापरली?"

"सत्तेचाळीस दिवस."

"सत्तेचाळीस! वीस दिवस लिहिलं होतं ना मी?"

"पंधरा ते वीस. वीस झाले तेव्हा म्हटलं, माझ्या केसांना सवय व्हायला उशीर लागत असेल. वय झालं. दुसरा शाम्पू वापरू नये असं कलम दोनमध्ये होतं. थेट चोळावी असं तीनमध्ये होतं. मी चोळली."

"पण असं झाल्यावर थांबायचं नाही?"

"चौथं कलम धीर धरावा असं होतं."

आवकबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मग मला सांगायचं! एवढं तोंड आहे माणसाला!"

"काय सांगायचं? तेरा जणांचे रेशीम झालेले. तुमचे स्वतःचे रोज समोर बघत होते, चांगलेच दिसत होते. मला वाटलं, दोष माझ्यातच आहे." त्रुटीबाईंनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मग मागच्या महिन्यात टायपिस्टला विचारलं, कितव्या दिवशी सुटले तुझे? पहिल्या, म्हणाली. तुमच्या कागदात तर पंधरा. तेव्हा लक्षात आलं. मग हे कपाट सापडलं."

"आणि तरी गप्प बसलात!"

"गप्प नाही. शेरा मारला होता. संख्या तपासून पाहावी."

"शेऱ्यात सांगतं का कुणी असं?"

"मला दुसरीकडे सांगता येत नाही," त्रुटीबाई म्हणाल्या.

खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. बेसिनचा नळ ठिबकत होता. आवकबाईंना एकाएकी काहीतरी सुचलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे पाणी कसलं येतं?"

"बोअरचं. कार्यालयाची वसाहत ना ती. आपली पाइपलाइन आपल्याच वसाहतीपर्यंत आलेली नाही अजून."

"जड पाणी?"

"खडकासारखं. बादलीला पांढरे थर बसतात. साबणाला फेस नाही, नुसता साका."

"आणि माझ्याकडे नदीचं," आवकबाई हळूहळू म्हणाल्या. "जुन्या टाकीवरून. गोडं. अहो, वडी वाईट नाही! ती तुमच्या पाण्यात फुटते. थर केसांवर बसतो. हे कुणीतरी मला आधी..."

"मी कळवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. वसाहतीतलं पाणी जड आहे, अंगावर व केसांवर साबणाचा थर बसतो, अशी लेखी तक्रार. नंतर दरवर्षी एक. तुमच्या सहीची पोच आहे माझ्याकडे. अकराच्या अकरा."

अकरा पोचा. आवकबाईंना त्यातली एकही आठवेना.

"अर्ज मागे घेता येतो का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मंजुरीआधी येतो. मंजुरी झाली." त्रुटीबाईंनी यादी उचलली. "पाचव्यांदा परत पाठवायचं कारणही मी शोधून ठेवलं होतं. जन्मतारखेत खाडाखोड होती. पण तुम्ही थेट आत गेलात."

त्यांनी यादीखाली सही केली आणि दाखला आवकबाईंच्या हातात दिला. त्यात एकही त्रुटी नव्हती.

पहिल्या आठवड्यात आवकबाईंना कार्यालयातून एक फोन आला, पॅडच्या शाईची बाटली कुठे असते ते विचारायला. त्यानंतर आला नाही. बाजारात टायपिस्ट दिसली, ती भाजीवाल्याच्या मागे वळून गेली. घरात वाळत घातलेल्या साठ वड्या होत्या. नवरा त्याबद्दल काही बोलत नव्हता. त्याने न बोलणं इतकं सांभाळून चालवलं होतं की आवकबाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी नवऱ्याच्या स्कूटरवर नदीच्या पाण्याचे दोन कॅन बांधून घेतले, पिशवीत व्हिनेगरची बाटली टाकली आणि वसाहतीत गेल्या. त्रुटीबाईंनी दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, पण आत या म्हणायला त्यांनी वेळ लावला नाही. दोन खोल्यांचं घर, एक खुर्ची, एक ताट घासून उपडं ठेवलेलं. बादल्यांच्या कडा पांढऱ्या.

"बसा स्टुलावर. मान मागे," आवकबाई म्हणाल्या.

त्यांनी व्हिनेगर नदीच्या पाण्यात मिसळून ओतलं, बोटांनी सोडवलं, पुन्हा ओतलं. तास गेला. पुढचे केस सुटले, राखाडी आणि मऊ. मागची जट जशीच्या तशी राहिली. कंगवाही.

"सुटत नाही," आवकबाई म्हणाल्या.

"मग कापा."

"मला येत नाही कापता."

"मलाही मागचं दिसत नाही."

कात्री कागद कापायची होती. आवकबाईंनी जट कापली. ती कंगव्यासकट एका तुकड्यात खाली आली. मग राहिलेले सारखे करायला घेतले. डावीकडे जास्त गेले म्हणून उजवीकडे कापले, उजवीकडे खोल गेले म्हणून पुन्हा डावीकडे. त्रुटीबाई मान ताठ ठेवून बसल्या होत्या. कात्री कानाशी आली की डोळे मिटत, एवढंच.

"रजेच्या अर्जाची ती तारीख," त्या मधेच म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वीची."

आवकबाईंची कात्री थांबली.

"आई आजारी आहे असं अर्जात लिहिलेलं नव्हतं. 'घरगुती कारण' लिहिलं होतं. मला नंतर कळलं." मग त्या म्हणाल्या, "विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

आवकबाईंनी कात्रीला चिकटलेले केस पुसून काढले. "मान सरळ," त्या शेवटी म्हणाल्या, आणि कापायला लागल्या.

काम संपलं तेव्हा केस कानाच्या वर गेले होते. त्रुटीबाईंनी मानेवरचा टॉवेल काढला आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"उद्या सगळे म्हणतील, किती छान दिसतंय," त्या म्हणाल्या.

"म्हणतीलच."

"तुम्हाला कसं दिसतंय?"

आवकबाईंनी दोन पावलं मागे जाऊन नीट पाहिलं. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब होती आणि मागे टाळूजवळ एक खड्डा पडला होता.

"वाईट," त्या म्हणाल्या.

"फार?"

"बरंच."

त्रुटीबाईंचे खांदे एकदम सैल झाले. त्यांनी स्टूल उचललं, खिडकीशी नेलं, जिथे उजेड जास्त होता, आणि टॉवेल पुन्हा मानेभोवती गुंडाळून पाठ वळवून बसल्या.

"कुठे कुठे ते सांगा," त्या म्हणाल्या.